पाव्हणे म्हणून येऊ नका

"उचलून दाखवा."

साहेब एवढंच बोलला. पेनाचं टोक आधी माझ्या नवऱ्याकडे केलं, मग समोरच्या खुर्चीकडे. बाकावरून उचलायचं नी खुर्चीत नेऊन ठेवायचं. मधे पाच-सहा पावलं. रोह्याच्या त्या रंगाच्या कंपनीचा मीटिंगचा हॉल. खाली गुळगुळीत लादी, वर तीन पंखे, भिंतीवर 'सुरक्षितता प्रथम' अशी पाटी. टेबलामागे तीन माणसं. दारात शिपाई नी त्याच्या मागे कँटीनवाले दोघं, काम टाकून बघायला आलेले.

मी उचललं.

आजपण आठवलं की माझा मलाच राग येतो. का उचललं गो? कोणी हात बांधले होते का तुझे? पण तेव्हा साहेब म्हणाला नी मी वाकले. पदर खोचला, त्याच्या काखेतनं हात घातले, पाठीमागे बोटात बोटं अडकवली नी ओढला. कमरेखाली शरीर मेलेलं असलं की माणूस दुप्पट जड होतो. हे ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. तिसऱ्या पावलाला लुंगी सुटली. चौथ्याला लघवीची नळी खुर्चीच्या पायात अडकली नी पिशवीतनं निघाली. सगळं लादीवर. तसाच ओढून खुर्चीत ठेवला.

माझ्या नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. एवढा दांडगा माणूस, क्रिकेटात आमच्या वाडीचा पहिला बॉलर, नी हात छातीशी धरून पोरासारखा बसला.

साहेबानं नाकाला रुमाल लावला. म्हणाला, "ते पुसून घ्या बाई."

फडकं कोणी दिलं नाय. शिपाई हलला नाय. मी आधी त्याची लुंगी नीट केली, मग खाली बसले नी माझ्या पदरानं ती लादी पुसली. तिघांच्या बुटांपुढे गुडघ्यावर बसून. कोपऱ्यात थोडं राहिलं होतं, ते पण पुसलं. सवय ना. काम अर्धं टाकायची सवय नाय आम्हाला.

मी उठले तेव्हा साहेब खूश होता. "पण जमतं की तुम्हाला," म्हणाला. "छान जमतं. मिठागराकडच्या ना तुम्ही, पेणच्या? पोतीच्या पोती उचलता तुम्ही लोक. एक नवरा काय जड आहे?"

बाकीचे दोघं हसले. वाईट नाय हसले. प्रेमानं हसले, म्हशीनं जास्त दूध दिलं की मालक हसतो तसे. ते मला जास्त लागलं.

हे सगळं कशासाठी, ते सांगते.

माझा नवरा त्या कंपनीत कामाला होता. शिफ्टमधे माचीवर चढून झडप उघडत होता, माचीची फळी मोडली नी तो खाली सिमेंटवर आला. पाठीचा कणा गेला. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याची पेन्शन त्याच्या नावानं यायची, ती वेगळी. पण जुना मालक बरा होता म्हणा, की त्याला कोणीतरी बरी अक्कल दिली म्हणा, त्यानं कंपनीतनं आणखी एक गोष्ट चालू केली होती. ज्याला दुसऱ्याच्या हाताशिवाय जगता येत नाय, त्याच्या सोबत राहणाऱ्या माणसाला भत्ता. सोबतीचा भत्ता म्हणायचे त्याला. तो माझ्या नावानं होता. माझं नाव, माझी सही. रेशनकार्डावर मी त्याची बायको, मतदार यादीत त्याची बायको, देवळाच्या पावतीवर त्याची बायको. त्या एका कागदावर मी मी होते.

तो भत्ता होता म्हणून मी घरी राहू शकत होते. तो गेला तर मला मजुरीला जायला लागणार. आमच्यात बसून कोण खाणार? नी मी सकाळी गेले की तो संध्याकाळपर्यंत एका कुशीवर पडून राहणार. त्याला दर दोन तासांनी वळवायला लागतं. नाय वळवला तर कातडी सडते. त्याला कळत पण नाय, कारण तिथं त्याला काही लागतच नाय. कोलाडला आमच्यासारखाच एक होता. त्याची बायको हॉटेलात भांडी घासायला जायची. त्याच्या पाठीला जखमा झाल्या, जखमांत विष झालं, पावसाळा उतरायच्या आधी गेला. तेव्हा हा भत्ता म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव. त्याच्यात दुसरं काही नाय.

मग कंपनी विकली गेली. मुंबईची मोठी पार्टी आली. नवीन गेट, नवीन रंग, नवीन साहेब. तो वेल्फेअरचा साहेब म्हणायचा, जुनी पद्धत बंद, आता नवीन कल्याण योजना. जुन्या सगळ्यांनी नव्यात यायचं. नवीन फॉर्म भरायचा, चौकशी होणार, मग समिती बोलावणार, मग ठरणार. जो मुदतीत आला नाय तो गळाला.

मी सातवी शिकलेली. फॉर्म मीच भरला. 'अर्जदाराचा व्यवसाय' असा एक खण होता. मी लिहिलं, 'काही नाही.'

नी इथनं माझी चूक सुरू झाली. दुसऱ्या कोणाची नाय, माझीच.

आमच्या वाडीत राहणारा कंपनीचा वॉचमन निरोप घेऊन आला. उद्या कंपनीचा माणूस चौकशीला येणार. झालं, माझ्या अंगात आलं. आमच्याकडे माणूस येणार म्हटलं की बाई वेडी होते. पहाटे उठून पडवी सारवली. आतली खोली सारवली. उंबऱ्याला रांगोळी. नवऱ्याची दाढी केली, डोक्याला तेल, लग्नातला पांढरा शर्ट काढला, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. रबराचं शीट, भांडं, कापडांची बालदी, सगळं शेजारणीच्या परड्यात नेऊन लपवलं. उदबत्ती लावली. त्याला खुर्चीत बसवला. आता तो खुर्चीत बसत नाय, पुढे कोसळतो. मी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, त्याच्या कमरेला घातली नी खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधली. वरनं शर्ट. पायावर शाल. शालीखाली पिशवी.

"राजासारखे दिसताव," मी म्हटलं.

"गादी तेवढी बरी दे," तो म्हणाला. दोघं हसलो. खरंच दिसत होता. किती दिवसांनी तो असा सरळ बसला होता.

चौकशीवाला तरुण होता. मवाळ. "ताई, ताई" करत होता. शेजारणीच्या कपबशा आणल्या होत्या, त्यातनं चहा दिला, पोह्यांवर खोबरं घातलं. त्यानं फाईल उघडली.

"ताई, तुम्ही दिवसभर काय करता?"

"काय नाय. घरीच असते."

"यांचं काय काय करावं लागतं?"

"विशेष काय नाय. आपलं आपण करतात."

बघा. हे मी बोलले. परक्या माणसापुढे घरच्या पुरुषाला खाली बघायला लावू नये, पाव्हण्यापुढे रडगाणं गाऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. हेच शिकलो आम्ही. नी नवरा पण कमी नाय. तो मोठ्यानं म्हणाला, "मी एकदम ठीक हाय साहेब. उद्या चालायला लागेन."

चौकशीवाल्यानं पोहे दुसऱ्यांदा घेतले नी गेला.

मी पट्टी सोडली. कमरेला, पाठीच्या बाजूला, कातडी सोलवटून निघाली होती. पट्टी घट्ट बसली होती ना. दोन तास रुतत होती नी त्याला समजलंच नाय. तो म्हणत होता, "काय झालं? काय झालं गो? बोल ना." मी म्हटलं काय नाय. ती जखम पुढे किती महिने भरली नाय.

समितीपुढे साहेबानं तो रिपोर्ट वाचला. रुग्ण स्वच्छ व नीटनेटका आहे. खुर्चीत स्वतः बसतो. घर टापटीप. पत्नी दिवसभर मोकळी असते. तिच्या म्हणण्यानुसार रुग्ण आपली कामे आपण करतो. सोबतीची गरज दिसत नाही. मी ऐकत होते. माझीच वाक्यं होती ती, नुसती पुस्तकी कपडे घालून आलेली. मी म्हटलं, "नाय साहेब, उचलायला लागतं त्यांना." तेव्हाच तो म्हणाला, उचलून दाखवा.

पुढचं सांगितलंच.

पंधरा दिवसांनी कागद आला. सोबतीचा भत्ता नामंजूर. पत्नी या नात्यानं केलेली सेवा ही सेवा धरता येत नाही, असं त्यात होतं. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. बाहेरची बाई ठेवली असती तर ती सेवा. मी केली तर काय? हवा? खाली लिहिलं होतं, फेरविचारासाठी एकदा येता येईल, रुग्णास सोबत आणावे.

त्या आठवड्यात पेणहून माझी आई आली. पेणच्या खाली खाडीकाठाला आमचं गाव, सगळा जन्म तिचा मिठागरावर गेलेला. आगर बंद झालं होतं, पावसाच्या आधी होतं ते. एसटीतनं आली, एका हातात सुकटीची पिशवी, दुसऱ्या हातात जाडं मीठ फडक्यात बांधलेलं. बुटकी बाई. टाचांना मिठानं चिरा पडलेल्या, त्यात बोट जाईल एवढ्या. मी तिला काही सांगितलं नाय. आईला काय सांगायचं, की तुझ्या पोरीनं पदरानं लादी पुसली?

सकाळी मी नवऱ्याला आंघोळीला उचलायला वाकले. ती चुलीपाशी होती. उठून आली.

"एकटी उचलतंस?"

"मग कोण येणार?"

तिनं पदर खोचला. त्याच्या गुडघ्यांखाली हात घातले, मला मान हलवून खूण केली नी आम्ही दोघींनी उचलला. असा हलका गेला! तो हवेत असतानाच म्हणाला, "सासूबाय, विमानात बसवलंत की." आई खूप हसली. मी मात्र रडायला लागले. एवढे दिवस आलं नव्हतं ते रडू, हातात नवरा धरलेला नी नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाय.

मग सगळं सांगितलं. हॉल, लादी, पदर, कागद.

आई ऐकत होती. तिला वाईट वाटलं की ती पायाच्या टाचेतलं मीठ नखानं काढत बसते. तसं काढत होती. मग म्हणाली, "तुला उचलणारी आठवते का?"

मला आठवत होती.

मिठागरावर भरलेली टोपली कोणी एकटीनं डोक्यावर घेत नाय. मान मोडेल. दुसरीनं उचलू लागायचं. आमच्या आगरावर मिठाच्या राशीपाशी एक बाई दिवसभर तेवढंच करायची. टोपली भरली की उचलून दुसरीच्या डोक्यावर द्यायची. तिच्या स्वतःच्या डोक्यावर काय नाय. ती चालायची नाय, वाहायची नाय, एका जागी उभी. तिला उचलणारी म्हणायचे. नी तिची मजुरी वाहणाऱ्यांएवढीच. म्हातारी झालेली, नायतर पोटुशी, अशी बाई तिथं उभी राहायची असं नाय हां. चांगली कसलेली बाईच लागायची, दिवसभर वाकून कंबर शाबूत ठेवणारी.

एका साली नवा मुकादम आला. म्हणाला, ही तर नुसती उभी असते, हिला पगार कशाला? तिचं नाव काढलं. मी तेव्हा लहान होते, राशीवर घसरगुंडी खेळायचे, पण ते बघितलंय मी. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांनी टोपल्या भरल्या नी टोपलीशेजारी उभ्या राहिल्या. कोणी उचलेना. मुकादम ओरडला. माझी आई, एवढीशी बाई, म्हणाली, "मुकादम, नुसतं उभंच राहायचं हाय ना? मग या. राहा उभे." नी आपली टोपली त्याच्यापुढे सरकवली. त्यानं उचलून दिली, ऐटीत. दुसरी आली. तिसरी आली. बाया अगदी साळसूद तोंडं करून रांगेत येत होत्या. दुपारच्या भाकरीपर्यंत मुकादमाची कंबर गेली. वाकला तो सरळ होईना. संध्याकाळी उचलणारीचं नाव परत लागलं. आम्ही पोरं किती दिवस त्याची नक्कल करायचो, कमरेवर हात ठेवून.

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. त्या सकाळी चुलीपाशी बसून कळलं ते काय होतं.

"तू त्या साहेबाला घर दाखवलंस," आई म्हणाली. "टोपली दिली नायस."

"पण आई, घरात माणूस आला तर..."

"व्हय. पाव्हणा आला की सारवावं, हे मीच शिकवलं तुला. पण तो पाव्हणा नव्हता गो. तो मुकादम होता."

खरंच सांगते. किती वर्षं मी ज्याला चांगुलपणा समजत होते, त्याच चांगुलपणानं माझं काम पुसून टाकलं होतं. मी जेवढं चांगलं करायचे तेवढं ते कोणाला दिसायचं नाय. त्याला स्वच्छ ठेवला तर म्हणणार गरजच नाय. घाण ठेवला तर म्हणणार बायको बघत नाय. दोन्हीकडनं आम्हीच खाली. म्हटलं, आता बास झालं.

फेरविचाराच्या दिवशी मी एकटी गेले. आई नवऱ्यापाशी थांबली. निघताना त्यानं हाक मारली. "मला परत त्या हॉलात नेऊ नको," म्हणाला. "नी तिथं रडू नको. शिव्या दिल्यास तरी चालेल."

लुगडं मी तेच नेसले. धुतलेलं होतं. पण तेच.

तोच हॉल, तेच तिघं. साहेबानं माझ्या मागे बघितलं.

"रुग्ण कुठे आहे?"

"घरी."

"आणायला सांगितलं होतं."

"नाय आणला. तो काय तमाशा हाय?"

पंखे फिरत होते. शिपायानं दारातनं आत डोकं घातलं. साहेब म्हणाला, "बाई, आवाज खाली."

"आवाज एवढाच हाय माझा. मिठागरावरचा हाय. तिकडं वाऱ्यात बोलायला लागतं."

मग तो सरळ झाला. टेबलावर हात ठेवले नी अगदी समजावणीच्या सुरात, मोठ्या भावासारखा, बोलला. "हे बघा. स्वतःच्या नवऱ्याची सेवा करायची नी त्याचे पैसे मागायचे. लाज नाही वाटत?"

मी खाली बघितलं. ती लादी तिथंच होती, माझ्या पायापाशी.

"लाज मी मागच्या खेपेला इथं पुसून टाकली," मी म्हटलं. "तुमच्या बुटापुढे. आठवत असेल तुम्हाला."

कोणी हसलं नाय ह्या वेळी.

तोंड एकदा उघडलं नी मग सगळं आलं, जसं आलं तसं. म्हटलं, तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर तुम्ही नर्स ठेवाल, तिला पगार द्याल, तिला विचाराल का लाज वाटते का म्हणून? म्हटलं, माझा नवरा माझ्या घरात पडून मोडला नाय. तुमच्या माचीवरनं पडून मोडला. तुम्ही मोडलात नी जोडून धरायचं मी, नी वर मी मोकळी बसते असं तुमच्या कागदावर. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते खरं. पण तुम्हाला कळवायचंच असं मी ठरवून आलेय.

नी मी नवा फॉर्म टेबलावर ठेवला. व्यवसायाच्या खणात ह्या वेळी लिहिलं होतं: 'सोबत. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत.'

"मी उचलून दाखवणार नाय," मी म्हटलं. "तुमचा माणूस पाठवा. सकाळी सहाला येऊ दे, दिवे लागेपर्यंत थांबू दे. पण पाव्हणा म्हणून येऊ नका. पोहे नायत, चहा मिळणार नाय. कामाला या. एका बाजूनं त्यानं धरायचं, एका बाजूनं मी."

साहेब हसला. बाईचं डोकं फिरलंय असं त्याच्या तोंडावर होतं. "पाठवू," म्हणाला.

त्याला वाटलं मी विसरेन. मी दर दोन दिवसांनी गेटवर जाऊन विचारायला लागले, माणूस कधी येतोय. गेटवाले कंटाळले. शेवटी निरोप आला, उद्या.

आदल्या संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. कारण अब्रू त्याची होती, माझी एकटीची नाय. म्हटलं, "उद्या मी घर सारवणार नाय. तुमची दाढी करणार नाय. सकाळचं सगळं तो आल्यावरच करायचं. तुम्हाला चालेल का?"

मला वाटलं नाय म्हणेल. त्यानं नाय म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाय.

पण तो म्हणाला, "काय जायचं ते हॉलातच गेलं. आता झाकून कोणाचं भलं होणार हाय?"

सकाळी तोच चौकशीवाला आला. सहाला नाय, सातला, पण आला. रबराचं शीट परड्यात नाय, पुढच्या दोरीवर होतं. बालदी पडवीत. वास होता. असणारच. त्यानं उंबऱ्यातच श्वास धरला.

"चपला बाहेर काढा," मी म्हटलं. "हात धुवा. तिकडनं धरा."

"फाईल कुठे ठेवू ताई?"

"कुठं पण ठेवा. हात मोकळे पायजेत."

पहिल्यांदा उचलताना त्याचा तोल गेला नी मीच दोघांना सावरलं. नवरा म्हणाला, "साहेब, कमरेनं नाय, गुडघ्यानं उचला. नायतर तुम्हाला पण सोबत लागेल." आई चुलीपाशी तोंडात पदर घालून बसली. बिचाऱ्यानं प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. आंघोळ झाली. कापडं झाली. तो परसात जाऊन ओकून आला, मी पाणी दिलं. चहा दिला नाय. जीव तुटत होता माझा, सांगते, दारात आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय ते आमच्या बायांना विचारा. पण नाय दिला.

नऊला वळवायची वेळ झाली. त्यानं कुशीवर केला, मी कमरेवरचं फडकं काढलं नी जखम त्याला दिसली. अजून ओली होती.

"हे कशाने झालं?"

"तुम्ही मागे आला होतात ना? तेव्हा हे खुर्चीत बसले होते. बांधले होते मी. तुमच्यासाठी."

तो जमिनीवरच बसला. न सारवलेल्या. फाईल कुठं ठेवली ते त्याला आठवेना, मीच उचलून दिली. दुपारी गेला. दिवे लागेपर्यंत नाय थांबला. मी पण थांबा म्हटलं नाय, पण फाईलमधे किती वाजता गेला ते लिहायला लावलं.

भत्ता परत चालू झाला. माझ्या नावानं. माफी कोणी मागितली नाय. त्या हॉलातल्या तिघांपैकी एकानंही नाय. उलट खाली एक ओळ आली, दर सहा महिन्यांनी फेरतपासणी होईल. म्हणजे माझा नवरा सहा महिन्यांत उठून पळायला लागेल की काय, अशी त्यांना भीती.

आई पावसाळाभर राहिली, म्हणून मला घराबाहेर पडता आलं. मी नव्या योजनेत गळलेल्यांची घरं शोधली. जिते गावची एक होती, नवरा गाडीनं रोह्याला कामाला यायचा, मशीनमधे दोन्ही हात गेलेले. गडब गावची एक, तिचा मुलगाच असा पडलेला. काय बोलल्या माहीत आहे? सगळ्यांनी घर सारवलं होतं. सगळ्यांनी नवे कपडे घातले होते. गडबच्या बाईनं तर चौकशीवाल्यासाठी कोंबडी कापली होती. नी "तुम्ही काय करता" म्हटल्यावर सगळ्या एका तोंडानं बोलल्या होत्या, काय नाय. मी कपाळावर हात मारला. हसू येत होतं नी राग पण. मग त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं, बायांनो, सारवू नका. तो मुकादम हाय. गडबची म्हणाली, "पण लोक काय म्हणतील गो?" मी म्हटलं, लोकांना पण एक बाजू धरायला लाव.

आता दर सहा महिन्यांनी माणूस येतो. बहुतेक नवा असतो. बूट घातलेला, फाईल घेतलेला, दारात उभा राहून पहिलं तेच विचारतो, "ताई, तुम्ही काय करता?" मी 'काय नाय' म्हणत नाय. मी म्हणते, बूट काढा, हात धुवा. तो हात धुतो तोवर मी पदर खोचते. मग आम्ही दोघं वाकतो. मागे एकजण म्हणाला, मी फक्त बघायला आलोय, तुम्ही उचला, मी लिहितो. मी त्याला दारातनं परत पाठवला. भत्ता दोन महिने थांबला. थांबू दे म्हटलं. तिसऱ्या महिन्यात दुसरा आला, त्यानं हात धुतले.

एकटीनं उचलून आता मी कोणालाच दाखवणार नाय.